घरच्या फुलांची ईस्टर आरास : रात्रीची फुलं आणि सकाळची फुलं

आजच्या व्याख्यानाचा विषय अगदी घरगुती आहे. आपल्या वाडीत, परसात किंवा गॅलरीतल्या चार कुंड्यांत जी फुलं फुलतात, त्यांतून ईस्टरची आरास कशी करायची, हे आपण पाहणार आहोत. उदाहरण म्हणून आम्ही वसई घेतली आहे. मराठी बोलणारा आणि मराठीतून उपासना करणारा मोठा ख्रिस्ती समाज तिथं आहे. शिवाय वाडी, विहीर आणि फुलं यांच्याशी त्या मातीचं जुनं नातं आहे. पहाटेच्या लोकलनं दादरच्या फुलबाजारात जाणाऱ्या टोपल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

सुरुवात आमच्या एका फजितीपासून करू.

काही वर्षांपूर्वी पवित्र शनिवारी देवळातल्या मोठ्या मेणबत्तीच्या पायथ्याची आरास आमच्याकडे आली. आम्ही उत्साहानं सकाळी अकरा वाजता भर उन्हात फुलं तोडली. लालभडक जास्वंद, बोगनवेल, पिवळा सोनचाफा. बाजारातून हिरवा फोम आणला आणि दुपारी दोनपर्यंत आरास तयार केली. फोटो झकास आले! रात्री दहा वाजता पाहतो तर जास्वंदीनं छत्री मिटावी तशा पाकळ्या मिटलेल्या, बोगनवेल कागदासारखी चुरगळलेली, सोनचाफ्याच्या कडा तपकिरी. आता काय करायचं? तेवढ्यात वाडीतल्या एक मावशी केळीच्या पानाचा पुडा घेऊन आल्या. आत सकाळी खुडलेल्या मोगऱ्याच्या कळ्या होत्या, ओल्या फडक्यात गुंडाळून दिवसभर माठाशेजारी ठेवलेल्या. त्यांनी त्या ओंजळीनं पायथ्याशी पसरल्या आणि म्हणाल्या, “रात्रीच्या सणाला रात्रीची फुलं लागतात रे बाबांनो.”

देवळातले दिवे मालवलेले होते. अंधारात कळ्या उमलल्या आणि फुलं दिसायच्या आधी त्यांचा वास लोकांपर्यंत पोचला. मावशींचं ते एक वाक्य हाच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण समजा.

सण रात्री सुरू होतो

ईस्टर म्हणजे रविवारची सकाळ असं आपल्याला वाटतं. कॅथलिक उपासनेत मात्र हा सण शनिवारी अंधार पडल्यावर सुरू होतो. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून पास्काची मेणबत्ती लावतात आणि ती अंधाऱ्या देवळात आणतात. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेचं पहिलं आणि शेवटचं अक्षर आणि त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात. तिच्या ज्योतीवरून लोकांच्या हातातल्या मेणबत्त्या लागत जातात. पुढे ग्लोरिया हे गौरवगीत घुमतं, घंटा वाजतात आणि देऊळ उजळतं.

आता फुलांचं पाहा. राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतो. बुधवार ते ईस्टर हे अंतर ४६ दिवसांचं. त्यातले सहा रविवार वगळले की ४० दिवस उरतात. या काळात वेदीला फुलांनी सजवायचं नाही असा उपासनेचा नियम आहे. चौथा रविवार आणि काही मोठे सण एवढाच अपवाद. म्हणजे वाडीत मोगरा भरात आलेला असतो आणि वेदी मात्र उघडी असते! म्हणून ईस्टरच्या रात्री परत येणारं फूल म्हणजे नुसती सजावट राहत नाही. ज्यांनी चाळीस दिवस उघडी वेदी पाहिली, त्यांना त्या फुलाचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

नियमाचा दुसरा भाग आरास करणाऱ्यांनी पाठच करून ठेवावा. फुलं वेदीवर ठेवायची नाहीत, तिच्या भोवती ठेवायची, आणि तीही बेतानं. घरच्या आल्तारालाही हाच बेत शोभतो. क्रूस किंवा मेणबत्ती झाकली गेली, की आरास चुकली असं समजावं.

पंचांगाकडे एक नजर

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, अशी ढोबळ व्याख्या. ही पौर्णिमा चर्चच्या गणितानं ठरते, पण ती आकाशातल्या पौर्णिमेच्या जवळच असते. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर कधी तो होळीनंतर येतो, कधी हनुमान जयंतीनंतर. २०२४ मध्ये होळी झाल्यावर ३१ मार्चला ईस्टर होता. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला.

बागेच्या दृष्टीनं हा महिन्याभराचा फरक मोठा आहे. मार्चअखेरीला मोगरा नुकता भरात येऊ लागलेला असतो आणि बहावा शांत असतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मोगरा ऐन भरात, अनंत कळ्यांनी लदलेला आणि बहाव्याचे पिवळे घोस लटकू लागलेले. तेव्हा नवं कॅलेंडर हातात आलं, की आधी ईस्टरची तारीख पाहायची आणि मग बागेचं ठरवायचं.

इथं एक सोपी खूण सांगतो. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं. कुंडीतल्या मोगऱ्याचे शेंडे हलके छाटले, खत-पाणी दिलं, की साधारण पाच-सहा आठवड्यांत नव्या फुटीवर कळ्या धरतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत साडेसहा आठवडेच असतात. म्हणून आम्ही त्याच बुधवारी कात्री चालवतो. झेंडू बियांपासून करायचा असेल, तर त्याला दोन-सव्वादोन महिने लागतात, म्हणजे पेरणी त्याही आधी.

कोणतं फूल कुठल्या पाळीचं?

कोकणपट्टीतल्या उन्हाळी बागेत पांढरी आणि सुवासिक फुलं बरीच, आणि त्यांतली पुष्कळशी संध्याकाळनंतर उमलणारी. याला कारण आहे. रात्री उडणाऱ्या पतंगांना बोलवायचं तर रंग उपयोगाचा नाही. पांढरेपणा अंधारात उठून दिसतो आणि वास लांबून ओढून आणतो. ईस्टरच्या उपासनेचा रंगही पांढराच! हा योग आपण वापरायचा. म्हणून फुलांच्या आम्ही दोन पाळ्या करतो.

पहिली पाळी शनिवार रात्रीची. मोगरा हा तिचा म्होरक्या. सकाळी टपोऱ्या झालेल्या कळ्या खुडल्या, तर त्या संध्याकाळी उमलतातच, झाडावर असोत की टोपलीत. निशिगंधाची फुलं दांड्यावर खालून वर उमलत जातात. खालची दोन-तीन उमलली, की दांडा तोडायचा. रात्री त्याचा वास वाढतो. लिली, म्हणजे बाजारात जिच्या कळ्यांच्या जुड्या मिळतात ती कोळ्याच्या पायांसारख्या पाकळ्यांची, तीही सांजेला उमलते. अनंत एका रात्रीचा राजा, दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो. आणि मधुमालतीची गंमत तर ऐका. तिचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग लाल. शनिवारी रात्री लावलेला घोस रविवारी आपोआप रंग बदलतो, आपल्याला काही करावं लागत नाही.

रातराणीही रात्रीचीच. पण बंद देवळात तिचा वास काहींना सोसत नाही, डोकं धरतं. ती अंगणातच बरी.

दुसरी पाळी रविवार सकाळची. जास्वंद पहाटे उमलते आणि बहुतेक जाती संध्याकाळी मिटतात. तिला पाण्यात ठेवा की न ठेवा, आयुष्य एका दिवसाचंच. सोनचाफा पहाटे तोडावा. झेंडू, बोगनवेल, असेल तर बहावा, घरचा गुलाब. रंग सगळे सकाळी.

आणि दोन्ही पाळ्यांना चालणारा एक गडी म्हणजे खुरचाफा, ज्याला कुणी देवचाफा म्हणतं. याच दिवसांत त्याची झाडं बऱ्याच ठिकाणी निष्पर्ण असतात, आणि त्या वाळक्या दिसणाऱ्या फांदीच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा झुबका येतो. पुनरुत्थानाच्या सणाला याहून बोलकी फांदी आम्हाला तरी सापडलेली नाही.

कण्हेर मात्र टाळा. ती विषारी आहे, आणि ईस्टरच्या टेबलावर खाण्याच्या वस्तू आणि लहान मुलं दोन्ही असतात.

तोडणी आणि पाणी

आरास टिकते ती मांडणीनं कमी आणि तोडणीनं जास्त. दांड्याची फुलं सूर्य वर यायच्या आत तोडायची. रात्रभर झाडानं पाणी ओढलेलं असतं, दांडा भरलेला असतो. बागेत जाताना पाण्याची बादली सोबत न्यायची, तोडलं की थेट पाण्यात. नंतर घरी दांड्याचं टोक पाण्याखालीच तिरकं कापायचं. हवेत कापलं, तर दांड्याच्या नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकतो आणि पाणी चढत नाही. तिरकं का? तर टोक भांड्याच्या बुडाला चिकटून बसू नये म्हणून. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, नाहीतर ती कुजतात. मग चार-पाच तास सावलीत, वारा न लागेल अशा जागी बादली ठेवून द्यायची. हा आराम फुलांना मिळाला, की अर्धं काम झालं.

खुरचाफ्याच्या फांदीतून चीक निघतो. ती वेगळ्या भांड्यात ठेवा, चीक थांबल्यावरच बाकीच्या फुलांत मिसळा, नाहीतर सगळं पाणी चिकट होतं. चीक अंगाला लागू देऊ नका, काहींना खाज सुटते. बोगनवेलीचा रंगीत भाग म्हणजे तिच्या पाकळ्या नव्हेत, रंगलेली पानं आहेत. ती पटकन सुकतात. म्हणून फांदी अर्धा तास आख्खी पाण्यात बुडवून ठेवायची. मोगऱ्याला दांडाच नसतो, त्यामुळे तो पाणी ओढू शकत नाही. त्याला ओलं फडकं, केळीचं पान आणि माठाशेजारचा गारवा, एवढंच.

भांड्यातल्या पाण्यात साखर घालावी का, असं नेहमी विचारतात. साखर फुलाला अन्न देते, पण पाण्यातल्या जंतूंनाही देते. एप्रिलच्या उकाड्यात नुसती साखर घातली, तर पाण्याला दुसऱ्या दिवशी वास येतो. घालायचीच तर लिटरभर पाण्याला चमचाभर साखर, थोडा लिंबाचा रस आणि ब्लीचचे दोन-तीन थेंब. आम्ही बहुधा स्वच्छ भांडं आणि रोज ताजं पाणी एवढ्यावरच भागवतो.

बैठक केळीच्या सोटाची

आता मांडणी. फुलं खोचायला बाजारात जो हिरवा फोम मिळतो, तो प्लास्टिकच आहे. त्याचा भुगा मातीत कुजत नाही. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला. आपल्याकडे त्याला घरचा पर्याय आहे, तो म्हणजे केळीचा सोट. घड काढल्यावर केळ तोडावीच लागते. तिचा हातभर तुकडा घ्या, उभा चिरा आणि सपाट बाजू खाली करून परातीत ठेवा. आत पाणी भरलेलं असतं, काडी सहज रुतते आणि हलत नाही. फक्त केळीच्या चिकाचे डाग कापडावरून जात नाहीत, म्हणून परात हवीच.

शनिवारी दुपारी चारनंतर कामाला लागायचं. आधी हिरवाई : क्रोटन, सुपारीची पानं, नेचा. यात झावळ्यांच्या रविवारी देवळातून आशीर्वादित करून आणलेली माडाची पाती विसरू नका. आठवड्यात ती पिवळट झालेली असतात. त्यांची वेणी घालून सोटाभोवती गुंडाळली, की पांढऱ्या फुलांना सोनेरी काठ मिळतो. ही पाती नंतर केरात टाकायची नसतात. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारची राख अशाच पात्यांची करतात.

मग मधोमध, मेणबत्तीच्या मागे, खुरचाफ्याची एकच उघडी फांदी. तिची उंची परातीच्या रुंदीच्या दीडपट असली, की नजरेला तोल वाटतो. तिच्या दोन्ही अंगांना निशिगंधाचे दांडे, एकाच उंचीचे नकोत. त्याच्या पुढे लिली आणि अनंत. मधुमालतीचा घोस छोट्या पाण्याच्या बाटलीत घालून कडेला ओघळता ठेवा. ज्या फुलांना दांडा नाही, त्यांना खराट्यातला स्वच्छ हीर टोचून तो सोटात रुतवा. सगळ्यात शेवटी, देवळात निघायच्या वेळी, मोगऱ्याच्या कळ्या पायथ्याशी.

एक गोष्ट बजावून सांगतो. ज्योत आणि पाती यांच्यात वीतभर मोकळी जागा ठेवा. वाळलेलं माडाचं पान किती झटकन पेट घेतं, हे चूल पाहिलेल्यांना ठाऊक आहे.

रविवारी पहाटे दुसरी पाळी. मलूल झालेला मोगरा आणि पिवळा पडलेला अनंत उचलायचा. त्या जागी जास्वंद, झेंडू, सोनचाफा. बैठक तीच, हिरवाई तीच, फांदी तीच. पाच-दहा मिनिटांचं काम. रात्री पांढरी पाहिलेली आरास सकाळी रंगीत झालेली दिसते, तेव्हा मुलं हमखास विचारतात, “हे कधी केलं?” त्यांना पुढच्या वर्षी कात्री द्यायची. वारसा असाच जातो.

पांढऱ्या विलायती लिलीचं काय?

ईस्टर म्हटलं, की भोंग्यासारखी पांढरी लिली हवीच, असं चित्रं पाहून अनेकांना वाटतं. ती फूलवाल्याकडून महाग पडते, पण आणली जाते. तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. ही लिली मूळची जपानच्या दक्षिणेकडच्या र्युक्यू बेटांची आणि तैवानची. अमेरिकेला तिचे कंद जपानमधून जात. १९४१ मध्ये युद्धामुळे तो पुरवठा तुटला आणि ओरेगन-कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे शेतकरी पुढे आले. पण मुद्दा असा, की ही लिली मोकळ्या बागेत उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलते, ईस्टरला नव्हे. कंदांना काही आठवडे थंडीत ठेवून आणि मग उबदार काचघरात वाढवून तिला सणाच्या तारखेला फुलवावं लागतं. म्हणजे तिच्या नव्या घरीसुद्धा ती आपणहून ईस्टरला येत नाही! आपला मोगरा मात्र न बोलावता येतो.

कुणी लिली आणली तर आमची तक्रार नाही. काळजी वेगळी आहे. वसईत बावखलं बुजत चालली आहेत, विहिरींचं पाणी खोल गेलं आहे, वाड्यांवर इमारती उभ्या राहत आहेत. वाडी विकण्यामागे मोठी कारणं असतात, ती आरास करून टळणार नाहीत. पण ज्या झाडाचं फूल वर्षातून एकदा तरी घरच्या सणाला लागतं, ते झाड तोडताना हात जरा थांबतो. ज्याचं काहीच लागत नाही, ते पहिलं जातं. घरच्या फुलांचा आमचा आग्रह एवढ्यासाठीच.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न : आमची फक्त गॅलरी आहे. काय लावू? उत्तर : पाच कुंड्या पुरतात. दोन मोगरा, एक लिली, एक जास्वंद, एक क्रोटन. ऊन चार-पाच तास तरी हवं. फुलं थोडी आली, तर परातीऐवजी वाटी घ्या. मोगऱ्याच्या वीस कळ्या आणि एक मेणबत्ती, एवढीही आरास पूर्ण असते.

दुसरा प्रश्न ऑस्ट्रेलियातून आला आहे : इथं मोगरा नाही, काय करू? तुमच्याकडे ईस्टर शरद ऋतूत येतो आणि शेवंतीचा तो हंगाम. तर शेवंती घ्या. नियम तोच : त्या तारखेला अंगणात आपणहून काय फुलतंय आणि ते दिवसाच्या कोणत्या वेळी फुलतंय, एवढं पाहायचं.

शेवटचं सांगून थांबतो. ईस्टर एका दिवसात संपत नाही. पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा हा काळ, आणि पेंटेकॉस्ट १० मे ते १३ जूनच्या मध्ये येतो, म्हणजे आपल्याकडे पावसाच्या उंबरठ्यावर. विकत आणलेली आरास आठवडाभर टिकते. बाग पन्नास दिवस देत राहते. सुकलेली फुलं झाडाच्या बुडाशी घाला, केळीचा सोट चिरून आळ्यात टाका. आणि सगळ्यात आधी, पुढच्या ईस्टरची तारीख काढून त्याआधीच्या राखेच्या बुधवारवर खूण करून ठेवा. त्या दिवशी मोगऱ्यावर कात्री चालवायची आहे.